लढायला हवी, सून म्हणून नको

लढणारी बाई पडद्यावर आणायची म्हटलं की आपल्याकडे तिला आधी देवी करतात, नाहीतर हुतात्मा. म्हणून मला १९९४ सालचा हाँगकाँगचा 'विंग चुन' आवडतो. दिग्दर्शक युएन वू-पिंग, नायिका मिशेल यो. मूळ दंतकथा गंभीर आहे: यिम विंग-चुन नावाची मुलगी शाओलिनच्या भिक्षुणीकडून लढायला शिकते आणि पुढे ती युद्धकला तिच्याच नावानं ओळखली जाते. सिनेमानं मात्र त्याचा चक्क फार्स केलाय. माणसं तारांवर लटकून उडतात, विनोद बरेचदा पांचट आहेत.

बाईच्या शौर्याची ही थट्टाच, असं काहींना वाटेल. मला नाही वाटत. हसू कुणाचं होतं ते बघा ना. विंग-चुन पुरुषी कपड्यांत वावरते, टोफू विकते (सोयाबीनच्या दुधाचं पनीरच म्हणा). डाकू आले की गावाला ती हवी. ते पळाले की हिच्याशी लग्न कोण करणार, याची चिंता! हे गाव तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीचं आहे.

एक पैलवान तिला आव्हान द्यायला येतो. ती म्हणते, हा टोफू फोडून दाखव. तो सगळं बळ लावतो, आदळआपट करतो, आणि ती त्याचा हात टोफूपर्यंत पोचूच देत नाही. इतका मऊ पदार्थ आणि एवढा मोठा पुरुष! अख्खा सिनेमा मी या एका प्रसंगासाठी पुन्हा बघेन.

लहानपणीचा मित्र पोक-तो (डॉनी येन) तिच्याशी लग्न करायला गावी परततो. तिचे जुने कपडे एका तरुण विधवेच्या अंगावर दिसतात, तर तो तिलाच विंग-चुन समजतो आणि खऱ्या विंग-चुनला पुरुष. इतकी वर्षं मनात जपली, पण ओळखले ते कपडे.

तिच्या गुरूच्या भूमिकेत चेंग पेई-पेई आहे. १९६६ च्या 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये हीच अभिनेत्री पुरुषी वेषात तलवार घेऊन उतरली होती. ती निवड मला फार नेमकी वाटली.

शेवट मात्र मला खटकतो. डाकूंचा सरदार हरला, गावाची तोंडं बंद झाली, तरी तिला नवरी केल्याशिवाय सिनेमा संपत नाही. पोक-तो तसा बरा मुलगा आहे, त्याच्याबद्दल तक्रार नाही. पण तिचं दुकान चांगलं चाललं होतं.