चाळिशीतले दप्तर

एक्केचाळिसाव्या वर्षी मी भंडाऱ्यात बी. ए.च्या पहिल्या वर्षाला नाव घातले. वर्गातल्या मुली मला काकू म्हणतात, त्याचे काही नाही. पण मी ख्रिस्ती असल्याचे कळताच, "मग मराठी कशाला घेतलं? तुम्हाला इंग्रजी सोपं गेलं असतं!" हे हमखास ऐकावे लागते. अहो, आम्ही घरी प्रार्थना मराठीत करतो आणि भांडतोही मराठीतच!

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ सालचा. एवढ्या संस्कृतच्या पंडिता; तरी पुढे केडगावला त्यांनी हिब्रू-ग्रीकचे धडे गिरवले, ते बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी. लक्ष्मीबाई टिळकांना तर शाळा लाभलीच नव्हती. १९०० साली त्या ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक गेल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनीच पुरे केले. या दोघींचे उशिराचे शिकणे मराठीच्याच पदरात पडले, असे माझे स्पष्ट मत आहे.

'स्मृतिचित्रे' शिकवताना प्राध्यापकांनी त्यातला विनोद जरूर सांगावा. पण लेखिकेने हे पन्नाशी उलटल्यावर लिहायला घेतले, हेही वर्गात मोठ्याने सांगावे. माझ्या ओळखीच्या दोघीजणी अजून प्रवेशाचा फॉर्म आणायला लाजताहेत.