मोटारदुरुस्ती : निदानाचे मोल

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आईला दवाखान्यात नेण्यासाठी मी गिरगावाहून दादरला निघालो होतो. लालबागचा उड्डाणपूल परळच्या बाजूला उतरत असताना ब्रेकचे पेडल पायाखाली जवळजवळ तळापर्यंत गेले आणि गाडीचा वेग जेमतेम कमी झाला. गिअर खाली आणून व हातब्रेक ओढून गाडी कशीबशी कडेला उभी केली, तेव्हा पुढच्या टेम्पोत आणि आमच्यात हातभर अंतर उरले होते. चारच दिवसांपूर्वी एका गॅरेजात ब्रेकचे ‘संपूर्ण काम’ करून घेतले होते. त्याबद्दल ४,८०० रुपये मोजले होते. पावती म्हणून मिळाला होता तो आकडा लिहिलेला कागदाचा चिटोरा.

जवळच्या गल्लीतून एका पानवाल्याने एक वृद्ध मेकॅनिक बोलावून आणला. त्याने चाकाखाली मान घालून पाच मिनिटे पाहिले. पुढच्या चाकाजवळ रबरी नळीच्या जोडावर तांब्याचे जुनेच वायसर पुन्हा बसवले होते आणि बोल्टही नीट आवळला नव्हता. तेथून थेंब थेंब ब्रेक ऑइल गळत गेले होते. त्याने दोन वायसर बदलले, नळीतील हवा काढली, ऑइल भरले आणि २०० रुपये मागितले. इतके कमी कसे, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, “वायसर, ऑइल आणि मजुरी धरली. बघायचे पैसे कोण देतो, साहेब?”

अशा हकिगती मोटार किंवा स्कूटर बाळगणाऱ्या प्रत्येकापाशी असतात. स्टाफरूममध्ये वा कचेरीत जेवणाच्या सुट्टीत विषय निघाला की एकामागून एक अनुभव सांगितले जातात, आणि शेवटी ‘सचोटीच राहिली नाही’ या निष्कर्षावर सर्वांचे एकमत होते. अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला हा निष्कर्ष अपुरा वाटतो. सचोटीची आणि लबाड माणसे सर्वच व्यवसायांत असतात. एखाद्या धंद्यात सचोटीच्या माणसाला त्याच्या सचोटीचा मोबदला मिळतो की दंड भरावा लागतो, हा खरा प्रश्न आहे. आणि त्या वृद्ध मेकॅनिकने सहज विचारलेल्या प्रश्नात त्याचे बरेचसे उत्तर आहे.

जाणणारा आणि न जाणणारा

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. तीन नियतकालिकांनी तो आधी साभार परत केला होता. पुढे २००१ साली मायकेल स्पेन्स व जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अ‍ॅकरलॉफ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, ते याच विचारसरणीबद्दल. खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकन बोलीत ‘लिंबू’ म्हणतात. आपल्याकडे लिंबू मोटारीच्या पुढे टांगतात, हा भाग निराळा. विकणाऱ्याला गाडीचे दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात. म्हणून घेणारा सरासरी गाडीचीच किंमत देऊ करतो. त्या किमतीत उत्तम गाडी विकणे मालकाला परवडत नाही. तो बाजारातून निघून जातो आणि मागे लिंबे तेवढी उरतात.

दुरुस्तीच्या धंद्यात ही विषमता आणखी खोल जाते. आंब्याचा वास घेऊन, कापड हाताने चोळून त्याचा दर्जा घेण्यापूर्वीच ठरवता येतो. काही वस्तूंचा दर्जा वापरल्यावर कळतो. परंतु काही सेवा अशा असतात की, त्या घेतल्यानंतरही त्यांची गरज होती की नव्हती हे कळत नाही. मायकेल डार्बी व एडी कार्नी या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ साली या तिसऱ्या प्रकाराची मीमांसा केली, तेव्हा दुरुस्तीचा व्यवसाय त्यांच्या डोळ्यांसमोर होता. क्लचप्लेट बदलल्यावर गाडी उत्तम चालू लागली, एवढेच आपल्याला दिसते. जुनी प्लेट आणखी वर्षभर चालली असती काय, किंवा दोष केवळ केबल ताणण्याने गेला असता काय, हे आपल्याला कधीच समजत नाही.

निष्काळजीपणाचे मूळही येथेच आहे. नवा वायसर घालणारा आणि जुनाच पुन्हा दडपणारा, दोघांचे काम बाहेरून सारखेच दिसते आणि दोघांना मजुरीही सारखीच मिळते. मग काळजीपूर्वक काम करण्यात गेलेला अर्धा तास हा कारागिराने पदरचा घातलेला तास ठरतो.

फियाटचे दिवस

असे असूनही एके काळी मुंबईत भरवशाचा मेकॅनिक मिळत असे, ही निव्वळ स्मरणरंजनाची गोष्ट नव्हे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, ही या शहराची गाडी होती. टॅक्सी म्हणून ती ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीपर्यंत धावली. बॉनेट उघडले की कार्बोरेटर, प्लग, डिस्ट्रिब्यूटर सारे डोळ्यांसमोर असे. मालक शेजारी उभा राहून काम पाहत असे आणि दोन-तीन वर्षांत त्यालाही त्यातले थोडेफार कळू लागे.

त्याहून महत्त्वाचा होता टॅक्सीवाला. टॅक्सी आणि खाजगी गाडी एकाच बनावटीची असल्यामुळे दोन्ही एकाच गॅरेजात येत. टॅक्सीवाल्याला आपल्या गाडीचा आवाज न् आवाज ठाऊक असे. गाडी बंद राहिली तर त्याची चूल बंद राही. आणि त्याला फसवले तर संध्याकाळपर्यंत साऱ्या स्टँडला ते कळे. ‘टॅक्सीवाले जातात तेथे गाडी न्यावी’ असा जुन्या लोकांचा सल्ला असे. अर्थशास्त्राच्या भाषेत, जाणकार ग्राहकाच्या धाकाने अजाण ग्राहकाचेही रक्षण होत होते. शिवाय मेकॅनिक त्याच वस्तीत राहणारा. ज्याला उद्या त्याच गल्लीत तोंड दाखवायचे आहे, तो सहसा ढिला बोल्ट सोडून देत नाही.

त्या दिवसांतही चोरबाजारातला जुना भाग पुसून नवा म्हणून बसवणारे होते. तो काळ सोन्याचा होता असे कोणी समजू नये. परंतु फसवणुकीला लगाम घालणारी काही बंधने तेव्हा होती. ती एकेक करून तुटली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावातील गिरण्या मोडकळीस आल्या आणि फिटर-टर्नर घडवणारी त्यांची वर्कशॉपे संपली. चाळींच्या जागी मनोरे उभे राहू लागले, तेव्हा तळमजल्याच्या गाळ्यातील गॅरेजला तेथे स्थान उरले नाही. गाड्यांचे प्रकार अनेक झाले, यंत्रणा इलेक्ट्रॉनिक झाली. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष देशभर लागू झाल्यापासून तर इंजिनाचा दोष कानाने ओळखण्याचे दिवस मागे पडले. त्यासाठी स्कॅनर हवा, आणि त्यावर उमटलेल्या संकेतांचा अर्थ लावणारा माणूसही हवा.

दोन अपुरे पर्याय

कोणी म्हणेल की, मग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जावे. तेथे छापील बिल मिळते, बसायला खुर्ची मिळते, हे खरे. परंतु तेथे आपल्याशी बोलणारा सल्लागार गाडीला हात लावत नाही आणि गाडीला हात लावणारा कामगार आपल्याशी बोलत नाही. जेथे सल्लागाराचे कर्तृत्व विकलेल्या भागांवर मोजले जाते, तेथे ‘हे अजून चालेल’ हे वाक्य त्याच्या तोंडून निघण्याची आशा थोडी.

स्वतंत्र गॅरेजवाल्याची कुचंबणा वेगळी आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीची माहिती व तपासणीची साधने बाहेरच्या गॅरेजांना मोकळेपणाने मिळू दिली जात नाहीत, असा आयोगाचा ठपका होता. कंपन्या अपिलात गेल्या आणि दंडाचा वाद लांबला. तथापि दुखणे कोठे आहे हे त्या आदेशाने स्पष्ट केले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी २०१२ साली मोटारदुरुस्तीची माहिती खुली करणारा कायदा मतदानाने मंजूर केला. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी एक पोर्टल सुरू केले. मात्र कंपन्यांनी आपण होऊन दिलेल्या माहितीवर गॅरेजवाल्याचे पोट भरत नाही. तिला कायद्याचे बंधन हवे.

फुकटचे निदान

इतका वेळ दोष इतरांचे सांगितले. आता आपल्याकडे वळतो. आपण डॉक्टरला तपासणीचे पैसे देतो, वकिलाला सल्ल्याचे देतो. मेकॅनिकने मात्र गाडी पाहून ‘काही झालेले नाही’ असे सांगितले, तर ‘नुसते बघायचे कसले पैसे?’ असे आपणच विचारतो. निदानाची किंमत आपण शून्य ठरवली आहे. तिचा परिणाम उघड आहे. तासभर खपून दोष हुडकणाऱ्याला काही मिळत नाही. न तपासता तीन भाग बदलणाऱ्याला तिन्ही भागांवरचा नफा मिळतो. चांगल्या निदानाने बिल कमी होते, म्हणजे चांगला मेकॅनिक स्वतःच्या कौशल्याने स्वतःचेच उत्पन्न घटवतो. अ‍ॅकरलॉफच्या बाजारातून उत्तम गाडीचा मालक जसा निघून गेला, तसा हाही एक दिवस पाना खाली ठेवतो आणि मुलाला सांगतो की, या धंद्यात येऊ नकोस.

यावरून आपण काय करावे हेही दिसते. पहिली गोष्ट म्हणजे तपासणीचे शुल्क वेगळे ठरवावे आणि दुरुस्ती निघो वा न निघो, ते द्यावे. दुसरी, काम सुरू होण्यापूर्वी अंदाजपत्रक लिहून घ्यावे व त्याबाहेरचे काम विचारल्याशिवाय करू नये असे सांगावे. तिसरी, बदललेला प्रत्येक भाग परत मागावा. चौथी, भाग व मजुरी वेगवेगळी दाखवणारे बिल घ्यावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला जिल्हा आयोगात शुल्क पडत नाही. पण ज्याच्या हातात बिल नाही आणि जुना भागही नाही, त्याने आयोगापुढे दाखवायचे काय? माझ्याजवळ होता तो केवळ चिटोरा.

सरकारनेही येथे थोडे काम करावे. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्याने १९७१ सालीच मोटारदुरुस्तीचा स्वतंत्र कायदा केला. लेखी अंदाज, ग्राहकाची संमती आणि मागितल्यास जुने भाग परत करणे या गोष्टी तेथे गॅरेजवर बंधनकारक आहेत. महाराष्ट्राला असा छोटा, सुटसुटीत नियम करणे अवघड नाही. त्याचबरोबर गल्लीतल्या कारागिराला नव्या यंत्रणेचे शिक्षण स्वस्तात मिळाले पाहिजे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, आधीच अंगी असलेल्या कसबाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय करण्यात आली. हा मार्ग संध्याकाळच्या वर्गांसह औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून या कारागिरांपर्यंत पोहोचवावा.

एकट्या ग्राहकाचा धाक मात्र थोडाच असतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, अशी त्याची स्थिती. १९७५ साली स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने शेजारच्या कुटुंबांचे संघ करून वाणसामानाची एकत्रित खरेदी करण्याची रीत या शहराला शिकवली. एखाद्या सोसायटीतील वा कॉलेजातील पंचवीस वाहनमालकांनी तशाच रीतीने एक गॅरेज निवडले, तपासणीचा दर ठरवला आणि प्रत्येक कामाची नोंद एका वहीत ठेवली, तर जुन्या टॅक्सीस्टँडची जागा ती वही घेईल. एकाला फसवले तर पंचवीस गिऱ्हाइके जातील हे गॅरेजवाल्याला कळेल; नीट काम केले तर पंचवीस टिकतील, हेही कळेल.

मागच्या महिन्यात मी परळच्या त्या मेकॅनिककडे पुन्हा गाडी नेली आणि तपासणीचे ३०० रुपये आधीच त्याच्या हातावर ठेवले. तो क्षणभर गोंधळला. मग त्याने चारही चाके काढली, अर्धा तास सर्व जोड तपासले आणि हात पुसत सांगितले, “काही बदलायला नको. पावसाळा झाला की या.” आजवर मोटारीवर जो काही खर्च केला, त्यात या तीनशे रुपयांइतका रास्त खर्च मला दुसरा आठवत नाही.