एडिंबरोचीं पानागारें

आपल्या घरांतील मुलेंमुली उच्च शिक्षणासाठीं स्कॉटलंडांतील एडिंबरो शहरीं जाऊं लागल्यापासून त्यांच्या बोलण्यांत ‘पब’ हा शब्द फार येऊं लागला आहे. ‘आज प्राध्यापकांनीं आम्हां सर्वांस पबमध्यें बोलाविलें होतें’, ‘निबंध पुरा झाला म्हणून पबमध्यें जमलों’, असें दूरध्वनीवरून सहज सांगितलें जातें, आणि इकडे आईच्या कपाळास आंठी पडते. ती पडावी यांत नवल नाहीं. ज्या धर्मशास्त्रानें सुरापानाची गणना महापातकांत केली, त्याच्या छायेंत वाढलेल्या कुटुंबास मद्यगृह म्हटलें कीं गुत्ता आणि त्यांतून झोकांड्या खात बाहेर पडणारा मनुष्य एवढेंच आठवतें. परंतु प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यांस गुत्त्यांत बोलावीत नाहींत, हेंही तितकेंच खरें. तेव्हां ही संस्था आहे तरी काय, हें एकदां डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे.

‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दाचा संक्षेप होय; अर्थ एवढाच कीं, सार्वजनिक घर. मूळ नांवांत मद्याचा उल्लेखच नाहीं. आम्ही या लेखापुरता कौटिल्याचा ‘पानागार’ हा शब्द पत्करतों. कारण ‘गुत्ता’ म्हटलें कीं निकाल आधींच लागतो आणि मग पाहण्याजोगें कांहीं उरत नाहीं. अर्थशास्त्रांत सुराध्यक्षाचें एक प्रकरण आहे. पानागारांत अनेक खोल्या असाव्या, निजण्याबसण्याची वेगळाली सोय असावी, सुगंध, माळा व पाणी असावें, सर्व ऋतूंत तें सुखकर असावें, असें तेथें सांगितलें आहे. आणि लगेच पुढें, कोण किती खर्च करतो व नवखा कोण आला आहे यावर गुप्त हेरांनीं नजर ठेवावी, असेंही. म्हणजे सोय आणि पहारा हीं दोन्हीं एकाच छपराखालीं. एडिंबरोच्या पानागारांची हकीकत वाचतांना व पाहतांना या जोडीची आम्हांस पदोपदीं आठवण झाली.

जुनें एडिंबरो एका लांबट खडकाळ पाठीवर वसलें आहे. पश्चिमेच्या टोकास किल्ला, पूर्वेस पायथ्याशीं होलीरूडचा राजवाडा, आणि मध्यें सुमारें एक मैलाचा उतरता रस्ता. भोंवतीं तट असल्यामुळें शहरास आडवें पसरतां येईना. म्हणून तें उभें वाढलें. उतारावर रचलेल्या कांहीं इमारती मागच्या अंगानें दहा-दहा मजल्यांपर्यंत गेल्या. एकाच जिन्यावर मधल्या मजल्यांत न्यायाधीश व सरदार, तर माथ्यावर आणि तळाशीं मोलमजूर, अशी वस्ती असे. खोल्या लहान, उजेड बेताचा, पाणी रस्त्यावरील हौदावरून वाहून आणावयाचें. अशा घरांत पाहुण्यास बसवावयाचें कोठें, आणि वकिलानें अशिलाशीं बोलावयाचें तरी कोठें? साहजिकच अठराव्या शतकांत वकिलांची मसलत, व्यापाऱ्यांचे सौदे आणि विद्वानांचे वाद हे सारे बोळांतील पानागारांत चालत. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१५ सालच्या ‘गाय मॅनरिंग’ कादंबरींत प्लेडेल नांवाचा नामांकित वकील शनिवारीं रात्रीं सांपडतो तो कचेरींत नव्हे, तर पानागारांत. आणि त्या काळच्या वाचकास त्यांत कांहींच वावगें वाटलें नसावें. आपल्याकडे जें काम ओसरीनें व देवळाच्या सभामंडपानें केलें, तें तेथें या सार्वजनिक घरानें केलें.

या गोष्टीचा उत्तम दाखला अँकर क्लोज नांवाच्या बोळांत मिळतो. तेथें विल्यम स्मेली याचा छापखाना होता. ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या ज्ञानकोशाची पहिली आवृत्ति १७६८ ते १७७१ या काळांत निघाली, तिचा संपादक हाच. त्याच बोळांत डॉनी डग्लस याचें पानागार होतें व तेथें स्मेलीनें स्थापिलेलें एक मित्रमंडळ जमत असे. रॉबर्ट बर्न्स हा शेतकरी कवि १७८७ सालीं आपल्या काव्याची एडिंबरो आवृत्ति छापून घेण्यासाठीं स्मेलीकडे येई आणि मुद्रकाबरोबर त्याच मंडळांत जाऊन बसे. एका दारांत खिळे जुळत आहेत, दुसऱ्या दारांत पेले भरत आहेत, आणि माणसें मात्र तींच. ज्ञानकोशाच्या संपादकास घरीं बसून मित्रांशीं बोलण्याची सोय असती तर तो तेथें गेला असता कीं नाहीं, असा प्रश्न आमच्या मनांत येतो. बहुधा गेलाच असता. कारण संवय ही गरजेच्या पोटीं जन्मते खरी, पण पुढें ती आईस विचारीत नाहीं.

१७६७ सालीं जेम्स क्रेग याच्या आराखड्याप्रमाणें दरीपलीकडे नवें नगर बांधावयाचें ठरलें. रुंद रस्ते, चौकोनी उद्यानें आणि प्रशस्त दिवाणखाने मिळूं लागतांच श्रीमंत मंडळी हळूहळू तिकडे गेली व जुन्या नगरांतील बोळ गरिबांस राहिले. आज जुन्या रस्त्यावर ज्या ऐतिहासिक पाट्या झळकतात त्यांपैकीं कित्येक त्या इतिहासाच्या पुष्कळ मागाहून लागलेल्या आहेत, हें प्रवाशानें विसरूं नये. ‘डीकन ब्रोडीज टॅव्हर्न’ ही त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. विल्यम ब्रोडी हा दिवसा सुतारांच्या संघाचा प्रमुख व नगरसभेचा सभासद, आणि रात्रीं घरफोड्या. १७८८ सालीं त्यास फांशी झाली. स्टीव्हन्सन याच्या १८८६ सालच्या ‘डॉक्टर जेकिल आणि मिस्टर हाइड’ या कथेचें एक बीज त्याच्या चरित्रांत आहे. पाटीच्या एका बाजूस सभ्य ब्रोडी व दुसऱ्या बाजूस चोर ब्रोडी रंगविला आहे. ग्रासमार्केट चौकांतील ‘लास्ट ड्रॉप’ हें नांव तर श्लेषावरच उभें आहे; त्याच चौकांत पूर्वीं फांशी देत असत, आणि तो शेवटचा थेंब कीं शेवटचा झोका हें ज्याचें त्यानें समजावें. असल्या विनोदाची आम्हांस फारशी गोडी नाहीं.

त्यापेक्षां जेम्स कोर्ट या चौकांतील ठेंगण्या छताचें ‘जॉली जज’ बरें. त्या चौकांत १८८६ पासून पॅट्रिक गेडीस व त्यांची पत्नी ॲना मुद्दाम जाऊन राहिलीं. सुस्थित लोकांनीं सोडून दिलेलें जुनें नगर त्यांनीं रंगरंगोटी, दुरुस्ती व बागा यांनीं पुन्हा राहण्याजोगें करावयास घेतलें. हेच गेडीस १९१९ सालीं मुंबई विश्वविद्यालयांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले आणि गो. स. घुर्ये यांस विलायतेस शिकावयास पाठविण्यांत त्यांचाच हात होता. जुनी वास्तु पाडण्याआधीं तींत माणूस कसा राहतो हें पाहावें, हा त्यांचा आग्रह पुढें पानागारांच्याही कामीं आला असें म्हणावयास हरकत नाहीं.

आमच्या मतें एडिंबरोस जाऊन पाहण्याजोगें पानागार एकच निवडावयाचें झाल्यास तें ‘कॅफे रॉयल’ होय. नव्या नगराच्या पूर्व टोकास, एका आडरस्त्यावर १८६३ पासूनच्या इमारतींत तें आहे. आंत गेल्यावर मध्यभागीं बेटासारखा काउंटर, त्याच्या सभोंवार गिऱ्हाइकें, वर नक्षीदार छत, आणि भिंतींवर डौल्टन कारखान्याच्या चिनीमातीच्या फरशांवर रंगविलेलीं मोठीं चित्रें. हीं चित्रें देवदेवतांचीं वा शिकारीचीं नसून शोधकांचीं आहेत: वाफेच्या यंत्राचा वॉट, विजेचा फॅरडे, आगगाडीचा स्टीव्हन्सन, मुद्रक कॅक्स्टन, फ्रँकलिन. मद्याच्या पेल्यासमोर शास्त्रज्ञांची मालिका मांडावी ही कल्पना ज्यास सुचली तो मनुष्य आपल्या शहरास ओळखत होता. १९६० नंतरच्या दशकांत शेजारच्या एका मोठ्या दुकानाच्या विस्तारापायीं ही वास्तु जाण्याची वेळ आली होती. नागरिकांनीं ओरड केली आणि ती वांचली.

बेटासारख्या काउंटरचें प्रयोजन केवळ शोभेचें नाहीं. एकोणिसाव्या शतकांतील स्कॉटिश दंडाधिकाऱ्यांस पानागारांतील लहान लहान खोल्यांचा संशय येई. आडोसा तेथें अनाचार, असें त्यांचें गणित. मध्यें उभ्या राहिलेल्या नोकरास सारें दालन एका दृष्टीक्षेपांत दिसावें, हें त्यांस पसंत. कौटिल्यानें खोल्या ठेवून हेर नेमले. यांनीं खोल्याच काढून टाकल्या. तरी आडोसा अगदींच नाहींसा झाला नाहीं. लीव्हन स्ट्रीटवर किंग्ज थिएटरच्या शेजारीं ‘बेनेट्स बार’ आहे. तेथें दाराजवळच एक लहानशी बंद खोली राखलेली दिसते. ज्यांस चारचौघांत पेला हातीं धरणें प्रशस्त वाटत नसे त्यांच्यासाठीं, विशेषतः स्त्रियांसाठीं, अशा खोल्या असत. ‘सार्वजनिक घर’ या नांवांतील ‘सार्वजनिक’ हा शब्द फार काळ पुरुषांपुरताच होता; स्त्रीस ती स्त्री म्हणून पेला नाकारणें बेकायदा ठरलें तें १९७५ च्या कायद्यानें. राष्ट्रीय चित्रसंग्रहांत अलेक्झांडर मॉफट याचें १९८० सालचें ‘पोएट्स पब’ हें चित्र आहे. त्यांत ह्यू मॅकडायर्मिड, नॉर्मन मॅकेग, सॉर्ली मॅकलेन इत्यादि कवि एका टेबलाभोंवतीं जमले आहेत. अशी बैठक प्रत्यक्षांत कधीं भरली नव्हती. ‘मिल्न्स बार’, ‘ॲबट्सफोर्ड’ आणि ‘कॅफे रॉयल’ या तीन ठिकाणांचें मिश्रण करून चित्रकारानें ती कल्पिली. त्या टेबलाशीं बसलेल्या कवींत एकही स्त्री नाहीं, हें मात्र चित्रकाराच्या कल्पनेंतलें नव्हे.

नव्या पद्धतीच्या पानागारांविषयीं थोडक्यांतच लिहितों. जॉर्ज स्ट्रीट हा नव्या नगराचा कणा. तेथें पूर्वीं बँका होत्या. त्यांतील एका बँकेची १८४७ सालची भव्य, घुमटाची इमारत १९९६ पासून ‘द डोम’ या नांवानें पानागार व उपाहारगृह झाली आहे. त्याच रस्त्यावरच्या ‘स्टँडिंग ऑर्डर’मध्यें जुन्या बँकेची तिजोरीची खोली अद्याप आहे. कांहीं देवळांचीही तीच गति झाली. इमारती राहिल्या हें उत्तम. परंतु जेथें बोलतांना शेजाऱ्याच्या कानाशीं तोंड न्यावें लागतें त्यास सभागृह म्हणवत नाहीं. उलट फॉरेस्ट रोडवरील ‘सँडी बेल्स’ ही जुनी, साधी जागा. तेथें कोपऱ्यांत बसून लोक व्हायोलिनवर देशी गतें वाजवितात, आणि ऐकणारे गप्प बसतात.

आतां मूल्याचा प्रश्न. एके काळीं हें शहर बियरच्या कारखान्यांनीं भरलेलें होतें व मोड आलेल्या जवाचा वास त्यावर पसरलेला असे. हिंदुस्थानांतील गोऱ्यांसाठीं खास केलेली फिकट बियरही येथून जहाजांवर चढे. १८५६ सालीं कारखाना काढणाऱ्या विल्यम मॅक्एवन यानें विश्वविद्यालयास १८९७ सालीं उघडलेलें सभागृह बांधून दिलें. आपल्या मुलांस पदवी मिळते ती याच मॅक्एवन हॉलमध्यें; तिच्या छायाचित्रांत मागें दिसणारा घुमट बियरच्या पैशाचा आहे. १९१४ सालीं उघडलेला संगीताचा अशर हॉल हा व्हिस्कीच्या व्यापाऱ्यानें दिलेल्या एक लक्ष पौंडांचा. आणि २००४ सालीं स्कॉटलंडची नवी संसद होलीरूडास जेथें उभी राहिली ती जागा पूर्वीं यंगर यांच्या बियरच्या कारखान्याची.

त्याच संसदेनें मद्यास वेसण घालण्याचा कायदा २०१२ सालीं केला. मद्याच्या व्यापाऱ्यांनीं तो न्यायालयांत पांच वर्षें अडवून धरला. अखेर १ मे २०१८ पासून शुद्ध मद्यार्काच्या दर १० मिलिलिटरांस निदान ५० पेन्स किंमत ठरली, ती ३० सप्टेंबर २०२४ पासून ६५ पेन्स झाली. सुमारें ५५ लक्ष वस्तीच्या देशांत मद्यामुळें दरवर्षीं हजारांहून अधिक माणसें मरतात, यासाठीं हा खटाटोप. याचा भार पानागारांवर फारसा पडत नाहीं, कारण तेथील दर मुळांतच चढे; तो पडतो दुकानांतून स्वस्त बाटली घरीं नेणाऱ्यावर. एकांतांतलें पिणें हें चारचौघांतल्यापेक्षां वाईट, असा निर्णय त्यांच्या कायद्यानें न बोलतां दिला आहे. पूर्वींचे कायदे उलटे होते. १८५३ च्या कायद्यानें रविवारीं पानागारें बंद केलीं, मात्र खऱ्या प्रवाशास खाणावळींत पेला मिळे. त्यामुळें रविवारीं स्कॉटलंडांत प्रवाशांची संख्या एकदम वाढे! रविवारचीं दारें पुन्हा उघडलीं तीं १९७६ च्या कायद्यानें. आंतील तंबाखूचा धूर २००६ सालीं बंद झाला.

ज्यांचीं मुलें तेथें आहेत त्यांनीं एक चाल समजून घ्यावी. तीस ‘राउंड’ म्हणतात. चौघे एकत्र बसले तर प्रत्येक जण आळीपाळीनें चौघांचे पेले आणतो. पाळी चुकविणारा मनुष्य तेथें कंजूष ठरतो. आणि सहा जणांत बसलेला, आपण पांचच पेले फुकट कसे घ्यावे या भिडेनें सहावा आणतो व सहाही पितो. मोह मद्याचा नसून भिडेचा असतो, आणि ती भीड आपल्या सुसंस्कृत मुलांस अधिक. यास तोड सोपी आहे: पाळीस पैसे द्यावे व आपल्या पेल्यांत सोडा आणि लिंबाचा अर्क मागावा. आम्हीं ‘कॅफे रॉयल’मध्यें तोच मागितला, काउंटरवरील तरुणानें दोनदां विचारलेंही नाहीं, आणि शेजारच्या गृहस्थांनीं फॅरडेच्या चित्राविषयीं आपण होऊन बोलणें काढलें. जावयाचें तर दुपारीं जेवणाची गर्दी ओसरल्यावर जावें. पांचनंतर कचेऱ्या सुटतात, आणि मग त्या चित्रांसमोर माणसांच्या पाठी तेवढ्या दिसतात.