पटावरील दया

बैठ्या खेळांचा नाद सुशिक्षित गृहस्थास शोभत नाहीं, असें आमच्या घरांत अधूनमधून ऐकूं येतें; आणि त्यांत पडद्यावरच्या व्हिडिओ गेमांची भर पडल्यापासून तर आमच्या बाजूनें बोलणारें कोणीच उरलेलें नाहीं. तथापि हें सदर आम्ही चालवितों तें याच नादापायीं, आणि गेल्या मे महिन्याच्या सुट्टींत या नादानें आमची जी फजिती केली ती वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

अक्का आपल्या अकरा वर्षांच्या मुलीसह तीन आठवडे आमच्याकडे राहावयास आली होती. भाची चलाख, आणि खेळावयास सदैव तयार. तेव्हां आम्हीं मोठ्या उत्साहानें कपाटांतून ‘काटान’ काढला. हा खेळ जर्मनींतील क्लाउस टॉयबर यांनीं १९९५ सालीं प्रसिद्ध केला. हे गृहस्थ व्यवसायानें कृत्रिम दांत तयार करणारे. २०२३ सालीं ते निवर्तले. एकोणीस षट्कोनी तुकड्यांचें एक बेट, त्यावर विटा, लांकूड, लोंकर, धान्य व खनिज अशीं पांच उत्पन्नें, आणि एका ओसाड तुकड्यावांचून प्रत्येकावर एक आंकडा. दोन फांसे टाकून जो आंकडा येईल त्या तुकड्यालगत ज्याची वस्ती असेल त्यास तेथील उत्पन्न मिळतें. सहा आणि आठ हे आंकडे छत्तीसांत पांच पांच वेळां येण्याजोगे, दोन आणि बारा अवघे एकेकदां. म्हणून जाणता मनुष्य आठाच्या शेजारीं घर बांधतो. सात सर्वांत अधिक वेळां पडतात, परंतु सात पडले कीं उत्पन्न कोणासच नाहीं. उलट, फांसे टाकणारानें चोराची सोंगटी उचलून कोणाच्या तरी तुकड्यावर बसवावयाची; ती तेथें आहे तोंवर तें उत्पन्न बंद. दहा गुण ज्याचे आधीं भरतील तो जिंकला.

भाचीचे नऊ गुण झाले होते आणि आम्हांस सात पडले. न्यायानें पाहतां चोर तिच्या खनिजाच्या आठावर बसावयास हवा होता. आम्हीं तो बेटाच्या दुसऱ्या टोंकास, जेथें कोणाची वस्तीच नव्हती अशा ठिकाणीं नेऊन ठेविला, आणि जणूं कांहीं फार खोल डाव टाकल्याची मुद्रा केली. पुढच्याच फेरींत आठ पडले, तिनें एका वस्तीचें शहर केलें आणि ती जिंकली. टाळ्या वाजविल्या त्या आम्हीं व अक्कानें. ती मात्र पटाकडे पाहत राहिली.

“मामा, चोर तिथें कां ठेवलात?”

“चुकलेंच आमचें.”

“तुम्ही चुकला नाहींत. तुम्हीं मला जिंकूं दिलेंत,” असें म्हणून तिनें सोंगट्या एकेक करून पेटींत भरल्या. त्यानंतर चार दिवस काटानचें नांव तिनें काढलें नाहीं.

आमच्या लहानपणीं हा पेंच कधींच पडत नसे. सापशिडींत फांसा जें देईल तें घ्यावयाचें. तेथें आजोबांच्या मनांत नातवाविषयीं कितीहि माया असली तरी सापाच्या तोंडून त्यास सोडविण्याची सोय नाहीं. खेळांत निवड आली कीं दया करण्याचा मार्गहि मोकळा होतो, आणि दया ओळखण्यास अकरा वर्षें पुरेशीं असतात.

आम्हांस वाटलें, परस्परांविरुद्ध खेळण्यांतच हा दोष असावा. म्हणून दुसरी पेटी काढली. मॅट लीकॉक या अमेरिकन रचनाकाराचा २००८ सालीं निघालेला ‘पॅन्डेमिक’ हा खेळ सर्वांनीं एका बाजूस बसून खेळावयाचा. जगाच्या नकाशावर अठ्ठेचाळीस शहरें, चार रंगांच्या चार सांथी. सर्व खेळाडू मिळून त्यांवर उपाय शोधतात आणि जिंकले तर सारे जिंकतात, हरले तर सारे हरतात. एका शहरांत एकाच रोगाचे तीन ठोकळे असतां चवथा येण्याची वेळ आली कीं रोग उसळतो व लगतच्या प्रत्येक शहरांत एकेक ठोकळा जातो. असे आठ उद्रेक झाले कीं डाव गेला. भाचीकडे शास्त्रज्ञाची भूमिका आली. इतरांस औषध शोधण्यास एका रंगाचीं पांच पानें लागतात, शास्त्रज्ञास चार. म्हणजे संघांत तिचें महत्त्व मोठें. आम्हीं तें महत्त्व तिला पाळीगणिक समजावून दिलें. आतां इकडे जा, हें पान राखून ठेव, तें टाक, छे छे, तें नव्हे! डाव आम्हीं उत्तम रीतीनें जिंकला. चौथें औषध सांपडतांच आम्हीं तिच्याकडे पाहिलें, तों ती म्हणाली, “मी नुसत्या सोंगट्या हलवल्या. जिंकलात तुम्ही एकटे.”

यानंतर ती आपल्या आईचा मोबाइल घेऊन खिडकींत टेट्रिस खेळत बसूं लागली. हा खेळ अलेक्सी पाजितनॉव यांनीं १९८४ सालीं मॉस्कोच्या विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रांत रचला. त्या यंत्रास चित्रें काढतां येत नसल्यामुळें चौकोन कंसांच्या चिन्हांनीं दाखवीत. चार चौकोनांच्या सात आकृत्या वरून पडतात, आडवी ओळ भरली कीं नाहींशी होते, आणि वेग वाढत जातो. मूळ खेळांत जिंकणें असें नाहींच; हरावयाचें तें केव्हां, एवढाच प्रश्न. १९८९ सालीं निघालेल्या निन्टेन्डोच्या आवृत्तींत डिसेंबर २०२३ मध्यें अमेरिकेंतील एका तेरा वर्षांच्या मुलानें यंत्रच थिजून जाईपर्यंत खेळ नेला. तोंवर कोणा मनुष्यानें तेथवर मजल मारल्याची नोंद नव्हती. भाची रोज वीस वेळां हरे, आणि तिच्या चेहऱ्यावर रागाची रेषाहि नसे. आम्हांस याचें नवल वाटे, व थोडा मत्सरहि.

उलगडा झाला तो आमच्याच पराभवानें. पुण्यांतील नोडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें केलेला ‘राजी’ हा २०२० सालचा व्हिडिओ गेम आम्ही तेव्हां खेळत होतों. राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावास सोडविण्यास ती निघते, दुर्गेकडून तिला त्रिशूळ मिळतो, आणि तिची कथा दुर्गा व विष्णु परस्परांशीं बोलत सांगतात. त्यांतील वास्तूंवरची राजस्थानी छाप, कथाभागांतील कळसूत्री छायाचित्रें, सारेंच मन लावून केलेलें आहे. आमचे हात मात्र त्या वेगास पुरत नाहींत. एका खांबाभोंवतीं झोका घेऊन असुरावर झेप घ्यावयाची होती. आम्हीं तेथें नऊ वेळां प्राण सोडला. भाची शेजारीं बसून मुकाट्यानें पाहत होती. दहाव्या वेळीं जमलें, तेव्हां तिनें इतकेंच म्हटलें, “तुम्ही आधीं उडी मारून मग झोका घेत होतात.”

“मग आधीं कां नाहीं सांगितलेंस?”

“तुम्हीं विचारलें नाहींत.”

ती निघण्याच्या आदल्या रात्रीं आम्हींच पॅन्डेमिक मांडला, आणि विचारल्यावांचून बोलणार नाहीं असें कबूल केलें. सात उद्रेक होऊन गेले होते. मुंबईवर काळे तीन ठोकळे, कराची व दिल्लीवरहि तीन तीन. भाची चेन्नईस होती, आणि मुंबई तेथून एका पावलावर. परंतु ती कोलकात्याच्या वाटेस लागली. आम्हीं मिशी चावली, पाणी प्यालों, खिडकी लावून घेतली. पुढचें पान उलटलें तें मुंबईचेंच, आणि डाव संपला.

“मला मुंबई दिसली होती,” ती म्हणाली; “वाटलें, एक पाळी निघेल.”

“आम्हांसहि दिसली होती.”

ती आमच्याकडे टक लावून पाहत राहिली, मग हंसली, आणि ठोकळे गोळा करूं लागली. रात्रीचे अकरा वाजले होते व अक्का दिवा मालवण्याविषयीं दुसऱ्यांदा ओरडली होती. तरी आम्हीं पानें पिसलीं.