शेजारधर्माचे तारण

गरिबापाशी तारण ठेवण्यास जमीन नाही, सोने नाही. पण शेजारी आहेत, तेव्हा शेजारीच त्याचे तारण, असा सिद्धान्त सूक्ष्म-कर्जाचे पुरस्कर्ते गेली कित्येक दशके मांडीत आले आहेत. हे तारण वापरल्याने त्याचे काय होते, हा प्रश्न मात्र त्यांनी फारसा विचारला नाही. उत्तर मिळाले ते त्यांच्याच प्रतिष्ठित अर्थशास्त्रज्ञांकडून!

स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मॅथ्यू जॅक्सन, तसेच अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि अरुण चंद्रशेखर यांनी कर्नाटकातील 75 खेड्यांत लोकांना साधे प्रश्न विचारले. रॉकेल-तांदूळ उसना कोणाकडून आणता? अडीनडीला पैसे कोण देते? सल्ला कोणाचा घेता? या उत्तरांतून प्रत्येक गावाच्या परस्परविश्वासाचे जाळे रेखाटले गेले. पुढे त्यांपैकी 43 गावांत एक कर्जसंस्था आली. संस्थेने ज्यांच्यामार्फत प्रथम वार्ता पसरविली ती माणसे जाळ्याच्या मध्यभागी असतील, तर कर्ज घेणारे अधिक, असे 2013 सालच्या त्यांच्या निबंधात दिसून आले. कर्जाचा माल शेजारधर्माच्या वाटेनेच खपतो, हाच याचा अर्थ.

त्याच खेड्यांवरील 2024 साली प्रसिद्ध झालेला निबंध अधिक बोलका आहे. जेथे कर्ज पोहोचले तेथे, न पोहोचलेल्या गावांच्या तुलनेत, उसनवारीचे आणि सल्ल्याचेही दुवे घटले. ज्या कुटुंबांनी कर्ज घेण्याचा संभव नव्हता, त्यांचे आपापसांतील दुवेही तुटले. ज्यांनी एक पैसा उचलला नाही, त्यांनीही किंमत मोजली. हा तोटा कोणत्या ताळेबंदात नोंदला जातो?

एकीचा हप्ता चुकला की गटातील इतरजणींनी तो भरावयाचा, अशी सामूहिक हमीची रीत. वसुलीचे काम अशा रीतीने शेजारणीवर सोपविले जाते. नफा मात्र संस्थेचा! या व्यवस्थेची परिणती आंध्र प्रदेशात दिसली. कर्जदारांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनंतर ऑक्टोबर 2010 मध्ये तेथील सरकारला वटहुकूम काढावा लागला. तरीही 2022 साली रिझर्व्ह बँकेने या संस्थांच्या व्याजदरावरील कमाल मर्यादा काढून टाकली.

मग काय सावकार बरा होता, असा प्रतिप्रश्न येईल. मुळीच नाही. जुन्या गावाचे गोडवे गाण्याचेही कारण नाही. याच पाहणीत उसनवारीचे दुवे बव्हंशी जातीच्या भिंतीआडच अडलेले आढळले. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती आणि उरलेले गाव यांच्यात तांदळाची देवघेवही विरळाच. तो विश्वास अपुरा होता आणि विषमही. परंतु अपुरी गोष्ट विस्तारावयाची असते, विकावयाची नसते.

कर्ज हा नागरिकाचा हक्क मानला, तर त्याची जोखीम सार्वजनिक बँकांनी आणि सभासदांच्या ताब्यातील सहकारी सोसायट्यांनी उचलली पाहिजे. वस्तीवस्तीत जाणाऱ्या कार्यकर्त्याने किती कर्ज वाटले एवढेच विचारून थांबू नये. कर्ज आल्यापासून कोणाचे दार कोणाला बंद झाले, हेही विचारावे.