गाण्याची कसली लाज?

परवा नातीच्या फोनवर एक गाणं वाजत होतं. मी खोलीत शिरले तशी तिने ते पटकन बंद केलं आणि हसून म्हणाली, "आजी, हे माझं गिल्टी प्लेझर आहे." म्हणजे काय, तर आवडतं, पण आवडतं हे सांगायची लाज वाटते! मी म्हटलं, अगं, चोरून गाणी ऐकण्यातच आमचं बालपण गेलं. फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

आमच्या घरी गाणं म्हणजे शास्त्रीय, फार तर नाट्यसंगीत. बाकी सगळा धांगडधिंगा. सरकारचंही मत काही वेगळं नव्हतं. १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. बुधवारी रात्री अमीन सयानींची बिनाका गीतमाला! शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली. आणि सिनेमाच्या गाण्यांचं सोडा, आज मैफलीत मानाने बसते ती पेटीसुद्धा १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीला चालत नव्हती. हलकं काय नि भारी काय, हे बरेचदा खुर्चीत बसलेला माणूस ठरवतो.

हे आज सुचतंय. खुर्चीत मी होते तेव्हा नाही सुचलं.

१९७२ साली 'पिंजरा' आला. राम कदमांचं संगीत, जगदीश खेबुडकरांची गीतं, उषा मंगेशकरांचा आवाज. त्यातल्या लावण्या मला तोंडपाठ होत्या, पण फक्त स्वयंपाकघरात, घरी कोणी नसताना. काही वर्षांनी मधल्या सुट्टीत माझ्या वर्गातली एक मुलगी त्यातलीच एक लावणी म्हणत होती. अगदी सुरेल आणि ठसक्यात. मी तिला सगळ्यांदेखत उभं केलं आणि म्हणाले, "ही शाळा आहे, तमाशाचा फड नव्हे." मुली हसल्या. त्या वर्षी स्नेहसंमेलनात गाण्यासाठी तिने नाव दिलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. आणि मी? त्याच संध्याकाळी कणीक मळताना तीच लावणी गुणगुणत होते! ती लिहिणारे खेबुडकर स्वतः शिक्षक होते, हेही तेव्हा आठवलं नाही.

काही गाणी खरंच खटकतात. शब्दांत बाईची टवाळी असते. तिथे मन खात असेल तर गाणं सोडावं, किंवा काय खटकतं ते उघड बोलावं. पण ठेका नाचरा आहे, चाल सोपी आहे, गाणारे 'आपल्यातले' नाहीत, म्हणून लाजायचं? त्यात पाप-पुण्य कसलं! ती नुसती 'लोक काय म्हणतील'ची भीती. आणि ही भीती आपल्यापुरती राहत नाही हो. आपण लपवतो तेच दुसऱ्याने उघडपणे केलं की आपल्याला जास्त राग येतो.

नातीला म्हटलं, लाव ते गाणं पुन्हा. खरं सांगायचं तर मला ते काही आवडलं नाही, पण शेवटपर्यंत ऐकलं. मग मी तिला माझी लावणी म्हणून दाखवली. आवाज आता पूर्वीसारखा लागत नाही. ती बघतच राहिली.

असो. गाण्याबद्दल अपराधी वाटावं असं काही नव्हतंच. त्या मुलीबद्दल मात्र अजून वाटतं.