अंगठ्याचा माग

वसईला आमच्या वाडीच्या कुंपणापलीकडे एक ख्रिस्ती कुटुंब राहायचं. आपसात सामवेदी बोलायचे, आमच्याशी मराठी. नाताळ जवळ आला की त्यांच्या ओटीवर रेकॉर्ड प्लेअर यायचा आणि संध्याकाळभर जिम रीव्हज गायचा. घरातल्या आजींना इंग्रजी येत नव्हतं. पण सुई तबकडीवर टेकली की त्या हातातलं काम थांबवायच्या आणि म्हणायच्या, "आला आपला जिम." वसईत, वांद्र्यात, गोव्यात अशी कितीतरी घरं होती, जिथे टेक्ससचा हा गायक घरातलाच होता. स्वतः चालवत असलेलं विमान नॅशव्हिलजवळ कोसळून तो १९६४ सालीच गेला होता. आजी मात्र त्याच्याबद्दल नेहमी वर्तमानकाळात बोलायच्या.

याला कंट्री संगीत म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आणि त्या मऊ आवाजामागे कोण कोण उभं आहे, हे कळायला लागलं ते गिटार हातात घेतल्यावर. गेली काही वर्षं मी मागे मागे जात राहिले आहे, एका अंगठ्याचा माग काढत.

रीव्हजची गाणी नॅशव्हिलच्या स्टुडिओत घडवली चेट ॲटकिन्सने. फिडल आणि स्टील गिटार बाजूला ठेवायची, त्यांच्या जागी पियानो आणि हलका कोरस आणायचा, गायकाने मायक्रोफोनला जवळजवळ ओठ लावून गायचं. 'हील हॅव टू गो' ऐकताना कुणी आपल्या कानाशी बोलतंय असं वाटतं ते यामुळेच. पण ॲटकिन्स मुळात गिटारवादक, आणि कसला! पूर्व टेनेसीतल्या गरीब घरातला हा मुलगा दम्यामुळे वडिलांकडे जॉर्जियात राहायला गेला होता. तिथे त्याला सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू केंद्रावर मर्ल ट्रॅव्हिसची गिटार ऐकू आली. एकच गिटार, पण खाली खर्जाचा ठेका आणि वर चाल, दोन्ही एकदम. रेडिओत वाजवणाऱ्याचा हात दिसत नाही. हा माणूस अंगठा आणि दोन-तीन बोटं वापरत असणार, असा अंदाज बांधून पोरगा रियाजाला बसला. ट्रॅव्हिसचं काम प्रत्यक्षात अंगठा आणि तर्जनी एवढ्यावरच चाललेलं होतं! त्या चुकीच्या अंदाजातून ॲटकिन्सची स्वतःची शैली उभी राहिली आणि जगभरचे गिटारवादक तिच्या मागे लागले.

ही करामत जवळून बघण्यासारखी आहे. अंगठ्यात एक नखी घालतात, थंबपिक. अंगठा जाड तारांवर एक-दोन, एक-दोन असा झुलत राहतो. तळहाताची कड तारांवर किंचित टेकवलेली असते, त्यामुळे खर्ज घुमत राहत नाही, ढोलकीच्या धुमेसारखा दबका, गोल वाजतो. तर्जनी पातळ तारांवर चाल काढते, आणि गंमत अशी की ती बऱ्याचदा अंगठ्याच्या ठोक्यावर पडतच नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या फटीत पडते. पहिले तीन महिने माझा अंगठा तर्जनीच्या मागे धावत होता. ती थांबली की तोही थांबायचा. मग एका रात्री स्वयंपाकघरात डाळीचा कुकर लावून वाजवत बसले होते. शिट्टी झाली, मी मान वळवून गॅसकडे पाहिलं, आणि अंगठा चालतच राहिला. त्या रात्री मला जो आनंद झाला, तो परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता.

मर्ल ट्रॅव्हिस १९१७ साली पश्चिम केंटकीतल्या म्युलेनबर्ग काउंटीत जन्मला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख. 'सिक्स्टीन टन्स' हे खाणकामगाराचं गाणं त्याचंच. आज या वादनाला जगभर 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात, पण ट्रॅव्हिसने स्वतः ते कधी आपलं म्हणून मिरवलं नाही. मोज रेगर आणि आइक एव्हर्ली या दोन गाववाल्यांकडून शिकलो, असं तो मोकळेपणाने सांगायचा. रेगर खाणीत काम करायचा, केसही कापायचा. रेगर शिकला केनेडी जोन्सकडून. आणि जोन्सच्याही मागे गेलं की वाट एका माणसापाशी येते: अर्नोल्ड शुल्ट्झ.

शुल्ट्झ कृष्णवर्णीय होता. १८८६ साली केंटकीच्या ओहायो काउंटीत जन्मलेला. त्याचे वडील गुलामगिरीत जन्मले होते. दिवसा कोळशाचं काम आणि उरलेल्या वेळात गिटार किंवा फिडल घेऊन या गावाहून त्या गावाला. ऐकलेल्यांच्या आठवणींतून जे कळतं ते असं की, इतर गिटारवाले दोन-तीन साधे कॉर्ड धरून साथ करायचे, तेव्हा हा माणूस एका कॉर्डवरून दुसऱ्यावर जाताना मधले स्वर गुंफत जायचा आणि अंगठ्याने खर्ज चालू ठेवून वर चाल वाजवायचा. १९२० नंतरच्या काही वर्षांत तो गोऱ्यांच्या एका नाचाच्या बँडमध्येही वाजवत होता. त्या काळात, त्या मुलखात!

त्याच परिसरात रोझीन नावाच्या खेड्यात बिल मन्रो वाढत होता. आई लहानपणीच गेलेली, वडील ऐन किशोरवयात गेले. हा मुलगा नाचाच्या कार्यक्रमांत शुल्ट्झच्या फिडलला गिटारची साथ करायचा. रात्रभर वाजवायचं आणि उजाडल्यावर घरी. पुढे याच मन्रोने ब्लूग्रास नावाचा अख्खा प्रकार जन्माला घातला. त्याच्या मँडोलिनमध्ये जो ब्लूज आहे, तो कुठून आला हे तो म्हातारपणापर्यंत नाव घेऊन सांगत राहिला.

म्हणजे बघा, एका बाजूला ब्लूग्रास, दुसऱ्या बाजूला ट्रॅव्हिस, ॲटकिन्स आणि त्यांच्यामागून आलेले असंख्य गिटारवादक, या दोन्ही वाटा ज्या माणसापासून निघतात त्याची एकही तबकडी नाही. शुल्ट्झ १९३१ साली, पंचेचाळिसाव्या वर्षी गेला. त्याची गिटार कुणीही ध्वनिमुद्रित केली नाही. आवाज नाही, सूर नाही. आहे ते दुसऱ्यांच्या अंगठ्यात.

हे नशिबाने झालं असं मला वाटत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकन कंपन्या तबकड्या दोन वेगळ्या याद्यांत विकत होत्या. काळ्यांसाठी 'रेस रेकॉर्ड्स', खेड्यातल्या गोऱ्यांसाठी 'हिलबिली' किंवा जुनी ओळखीची गाणी. दुकानदाराच्या सोयीसाठी केलेली ही विभागणी होती, आणि ध्वनिमुद्रण करणारे त्याच मापाने माणसं निवडत. कृष्णवर्णीयाने ब्लूज गावा, गोऱ्याने फिडल वाजवावं. गोऱ्यांच्या नाचात फिडल वाजवणारा काळा माणूस कुठल्या यादीत घालणार? प्रत्यक्षात खेड्यापाड्यांत हे संगीत एकाच अंगणात वाढलं होतं. बँजो हे वाद्यच मुळात आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांनी अमेरिकेत घडवलं. १९३० साली हॉलिवूडमध्ये जिमी रॉजर्स या गोऱ्या गायकाच्या एका गाण्याला साक्षात जॅझवाल्या कृष्णवर्णीय लुई आर्मस्ट्राँगने ट्रम्पेट वाजवला, पण तबकडीवर त्याचं नाव छापलं गेलं नाही.

१९२७ च्या उन्हाळ्यात व्हिक्टर कंपनीसाठी राल्फ पिअर ब्रिस्टल गावात यंत्रं घेऊन उतरला. या गावाच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया राज्यांची सीमा आहे. दोन आठवड्यांपेक्षाही कमी काळात १९ गायक-वादक आणि संचांची ७६ ध्वनिमुद्रणं झाली. जिमी रॉजर्स आणि कार्टर फॅमिली तिथूनच जगापुढे आले, म्हणून त्या दिवसांना कंट्री संगीताचा जन्म म्हणायची प्रथा पडली आहे. त्या यादीत एक कृष्णवर्णीय माउथ ऑर्गनवादकही होता, एल वॉटसन. जन्माची गोष्ट सांगताना त्याचं नाव सहसा येत नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम केंद्रावर दुसरं एक बारसं झालं. आधी शास्त्रीय संगीताचा कार्यक्रम झाला होता. त्यानंतर गावरान गाण्यांची पाळी आली आणि डीफर्ड बेलीने माउथ ऑर्गनवर 'पॅन अमेरिकन ब्लूज' वाजवलं. आधी भव्य ऑपेरा ऐकलात, आता आमचा ऐका, अशा अर्थाचं काहीतरी जॉर्ज हेय हा निवेदक बोलून गेला, आणि 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव रूढ झालं. आज कंट्री संगीतातलं सगळ्यात मानाचं व्यासपीठ ते हेच. त्या नावाच्या मुळाशी कृष्णवर्णीय माणसाचा श्वास आहे.

बेलीला लहानपणी पोलिओ झाला होता, शरीर लहानखुरंच राहिलं. बालपणी ऐकलेली आगगाडी त्याने फुफ्फुसांत साठवून ठेवली. 'पॅन अमेरिकन ब्लूज' जरूर ऐका. इंजिन हळूहळू धाप घ्यायला लागतं, वेग पकडतं, शिट्टी लांबून जवळ येते आणि पुन्हा लांब जाते. आठ-दहा सेंटिमीटरचं ते वाद्य आणि दोन हातांची ओंजळ, एवढाच ऐवज. श्वास आत घेतानाही सूर, बाहेर सोडतानाही सूर. मधे दम खायला जागाच नाही. तो ऑप्रीचा लाडका कलाकार होता. पण दौऱ्यावर गेलं की बाकीचे हॉटेलात उतरायचे आणि याला खोली मिळायची नाही. १९४१ साली गाण्यांच्या हक्कांच्या वादात त्याची ठरलेली गाणी रेडिओवर बंद झाली आणि केंद्राने त्याला काढून टाकलं. पुढची कित्येक वर्षं त्याने नॅशव्हिलमध्येच बूटपॉलिशचं दुकान चालवलं. तो १९८२ साली गेला. कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली. हे लिहिताना मला अजूनही राग येतो.

आता अंगठ्याकडे परत येते, कारण दुसरा एक अंगठा राहिला आहे. ब्रिस्टलला आलेली मेबेल कार्टर तेव्हा अठरा वर्षांची होती, गरोदर होती, आणि दिराच्या कुटुंबाबरोबर व्हर्जिनियातल्या डोंगराळ खेड्यातून मोटारीने आली होती. तिची रीत ट्रॅव्हिसच्या बरोबर उलटी. चाल अंगठ्याने जाड तारांवर, आणि बोटाने पातळ तारा घासून ताल. गिटार तोवर मागे बसून साथ करायची, मेबेलने तिला पुढे आणून गायला लावलं. १९२८ चं 'वाइल्डवुड फ्लॉवर' ऐकलं तर कळेल, गिटार शिकणारा प्रत्येक जण आजही त्याच्यापाशी का येतो. तीन पोरी वाढवून, त्यांना घेऊन बँड काढून, ॲटकिन्सला बरोबर घेऊन ती १९५० साली ऑप्रीवर पोचली. पुढच्या पडत्या काळात तिने नॅशव्हिलमध्ये म्हाताऱ्या रुग्णांची शुश्रूषा करून पैसे मिळवले. तिला कंट्री संगीताची माता म्हणतात, ते उगाच नाही.

अंगठ्याने चाल वाजवणं तिचं स्वतःचंच. पण तिच्या बोटांत पुढे जो ब्लूज उतरला, तो लेस्ली रिडलकडून. रिडल नॉर्थ कॅरोलायनातला कृष्णवर्णीय तरुण. सिमेंटच्या कारखान्यातल्या अपघातात त्याने एका पायाचा काही भाग गमावला होता, आणि बंदुकीच्या अपघातात उजव्या हाताची दोन बोटं. ए. पी. कार्टर, म्हणजे मेबेलचा दीर, डोंगरात गाणी गोळा करत हिंडायचा. तो शब्द लिहून घ्यायचा, पण चाल त्याच्या लक्षात राहायची नाही. म्हणून रिडल बरोबर. म्हातारी माणसं ओसरीवर गायची, एक जण वही धरायचा, दुसरा चाल मनात ठेवायचा, आणि घरी येऊन रिडल ती वाजवून दाखवायचा. ती गाणी तबकड्यांवर आली तेव्हा श्रेयाच्या जागी ए. पी. कार्टरचं नाव होतं.

मला ए. पी.ला खलनायक करायचं नाही. त्याने ती पायपीट केली नसती तर शेकडो गाणी त्या ओसऱ्यांवरच विरली असती. पण चाल लक्षात ठेवणाऱ्याचं नाव वहीत नसावं, हे सलतंच.

रिडल १९४० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला गेला. पुढे गिटार विकून टाकली. १९६५ साली माइक सीगर हा लोकसंगीताचा अभ्यासक त्याच्या दारात जाऊन उभा राहिला. पत्ता लागला तो मेबेलमुळे, तिने त्याचं नाव घेतलं होतं. सीगरने पुढची काही वर्षं त्याचं गाणं-वाजवणं ध्वनिमुद्रित केलं, आणि रिडलच्या मृत्यूनंतर, १९९३ साली त्याचा अल्बम निघाला, 'स्टेप बाय स्टेप'.

गेल्या नाताळात वसईला गेले होते. आजी आता नाहीत, त्यांच्या ओटीला ग्रिल लागली आहे. त्यांच्या नातवाला मी मोबाइलवर आधी जिम रीव्हज लावून दिला, मग ॲटकिन्स, मग ट्रॅव्हिस, आणि शेवटी हा अल्बम. तोही गिटार शिकतोय, म्हणून कान देऊन ऐकत होता. एका जागी त्याने गाणं थांबवलं, मागे नेलं, पुन्हा ऐकलं आणि मला विचारलं, "मावशी, हे किती बोटांनी वाजवतोय?"

मी म्हटलं, "मोज की. अंगठा धरून तीन."